मागं भिंत आहे का?

मलकापुरात फोटोग्राफीच्या धंद्याला दोन हंगाम. एक लग्नसराईचा, तो सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा जूनच्या मध्यावर सुरू होतो आणि त्यात पैसे मिळत नाहीत, नुसते प्रश्न मिळतात. पहिला मोठा पाऊस झाला की पन्हाळा ते पावनखिंड पायी जाणाऱ्यांचे बेत ठरायला लागतात, आंबा घाटात धुकं उतरतं आणि उन्हाळ्यात नवा किंवा जुना कॅमेरा घेतलेली पोरं स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसतात. कॅमेरा बहुतेक कॅननचा 1500डी नाहीतर निकॉनचा डी3500. सोबत आलेली 18-55 लेन्स. आणि प्रश्न ठरलेला: "दादा, स्वस्तातली वाइड कुठली घेऊ?"

मी उलट विचारतो, "फोटो काढताना तुझ्या मागं काय असतं?"

पोरं गोंधळतात. पुढं काय असतं ते सगळ्यांना सांगता येतं, मागचं कुणी बघितलेलं नसतं. पण वाइड लेन्स घ्यायची की नाही हे मागच्या जागेवर ठरतं. मागं मोकळं असेल तर चार पावलं मागं सरकायला पैसे पडत नाहीत. (आंबा घाटात सरकताना मागं रस्ता आहे की दरी एवढं बघावं.) मागं भिंत असेल तर मात्र पाय काही करू शकत नाहीत, तिथं लेन्सच लागते.

हे तोंडी पटत नाही म्हणून मी दुकानातली टेप काढतो. 1500डीचा सेन्सर 22.3 मिलिमीटर रुंद आहे. भिंतीपासून 10 फुटांवर उभं राहिलं तर 18 वर भिंतीचा साधारण 12 फूट रुंद भाग फोटोत येतो. तिथंच उभं राहून 10 ची लेन्स लावली तर 22 फूट. फरक फक्त 8 मिलिमीटरचा. तेवढाच फरक लांबच्या टोकाला, म्हणजे 55 वरून 47 वर येताना केला तर फोटोत जेमतेम अर्ध्या-पाऊण फुटाची भर पडते. म्हणून वाइडच्या बाजूला एकेक मिलिमीटर महाग असतो. "10-18 म्हणजे काय नुसती आठाचीच झूम" म्हणून नाक मुरडणाऱ्याला मी ही टेप दाखवतो.

इथंच दुसरी एक गोष्ट सांगावी लागते. कुणाच्या तरी काकांनी फिल्मच्या जमान्यातली 28 ची लेन्स दिलेली असते आणि जुन्या पुस्तकात 28 ला वाइड म्हटलेलं असतं. ते फिल्मच्या मापानं खरं होतं. आपल्या या कॅमेऱ्यांचा सेन्सर त्या फिल्मपेक्षा लहान, त्यामुळं कॅननवर आकडा 1.6 नं गुणायचा, निकॉनवर 1.5 नं. काकांची 28 आपल्याकडं 45 च्या आसपास जाते, म्हणजे वाइड राहतच नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली 18 ची बाजूसुद्धा तिच्यापेक्षा किती तरी रुंद बघते. खरी वाइड हवी असेल तर आकडा 10, 11, 12 पासूनच सुरू व्हायला हवा.

आता घाटाचं. पायरीवर बसणाऱ्या दहांपैकी आठ-नऊ जणांना वाइड लेन्स हवी असते ती आंबा घाटासाठी. "सगळा घाट एका फोटोत बसला पायजे बघा." बसतो की. घाट बसतो, कोकणाकडची दरी बसते, वरचं पांढरं आभाळ बसतं, पुढचा कठडा आणि कठड्यावरची वेफर्सची पाकिटंही बसतात. फक्त डोंगर बारीक होतात. डोळ्याला जो कडा छातीवर आल्यासारखा वाटत होता तो फोटोत बोटाच्या पेराएवढा होऊन मागं जातो. वाइड लेन्स जवळचं मोठं करते आणि लांबचं पळवून लावते, तिचा तो धर्मच आहे. घाटात आपल्याला नेमकं लांबचंच दाखवायचं असतं. तिथं 18-55 ची 55 वाली बाजू लावावी, धुक्यातून वर आलेली एखादी धार नाहीतर रस्त्याचं एखादं वळण पकडावं. अगदी सगळाच घाट हवा असेल तर कॅमेरा उभा धरून, एक्स्पोजर आणि फोकस हातानं कायम ठेवून, ओळीनं पाच-सहा फोटो घ्यावेत आणि घरी कॉम्प्युटरवर जोडावेत. फुकटात होतं आणि डोंगर डोंगराएवढे राहतात.

पावनखिंडीचं उलटं आहे. 13 जुलै 1660 ला बाजीप्रभूंनी जिथं वाट अडवली ती जागा अडवता आली तीच मुळी अरुंद म्हणून. खाली उतरलं की दोन्ही अंगाला कातळ, मागं सरकायला जागा नाही, आणि पावसात पायाखाली पाणी. इथं 18 वर एका बाजूचा कातळ येतो नाहीतर दुसऱ्या बाजूचा. दोन्ही बाजू एकदम अंगावर आल्याशिवाय खिंड ही खिंड वाटत नाही, आणि ते काम 10 ची लेन्स करते. पन्हाळ्यावर अंबरखान्याच्या कोठारांत शिरलात तरी तेच. बाहेरून त्यांचा फोटो कुणीही काढतो, आतली कमान जमिनीपासून वरपर्यंत घ्यायची म्हटली की पाठ भिंतीला लागते. म्हणून मी पोरांना सांगतो, गडाला जाणार म्हणून वाइड घेऊ नका. गडाच्या आत शिरणार असाल तर घ्या.

पण या लेन्सची खरी गरज मला गडावर कळली नाही, लग्नघरात कळली.

आमच्या वडिलांकडं याशिका मॅट होता. वरून बघायचा, दोन डोळ्यांचा, 80 ची एकच लेन्स, बदलायची सोय नाही. चौकोनी फिल्म 56 मिलिमीटरची. माझा टेपचा हिशेब त्याला लावला तर 10 फुटांवरून 7 फूट. बारा माणसांचं कुटुंब दोन ओळींत बसवलं तरी पंधरा-वीस फूट मागं जावं लागायचं. आमच्याकडच्या जुन्या घरांचा सोपा दहा-बारा फूट खोल. मग काय, सगळं घर अंगणात. खुर्च्या बाहेर, मागं चादर, म्हातारी माणसं बसलेली, बायका डोक्यावर पदर घेऊन मागं उभ्या, पोरं मातीत. तालुक्यातल्या कुठल्याही घरातला जुना अल्बम उघडा, फोटो अंगणातलाच असतो. उजेडाचंही कारण होतं, फिल्म मंद असायची, हे मान्य. पण उजेड फ्लॅशनं आणता आला असता, जागा कशानं आणणार?

त्याचा परिणाम असा की आमच्या भागातल्या घरांच्या आतल्या बाजूचे फोटोच नाहीत. मलकापूर हे विशाळगड जहागिरीचं ठाणं, इथं आणि आसपास जुने वाडे होते, काही अजून आहेत. त्यांचे दरवाजे फोटोत आहेत, माणसं आहेत. माजघर नाही. भाताची कणगी नाही, जातं नाही, चुलीपुढं बसायची जागा नाही. माझ्या आजीचा फोटो आहे, पण तो अंगणातला. तिचा सगळा दिवस जिथं जायचा त्या खोलीत कॅमेरा कधी गेलाच नाही, कारण कॅमेरा आत गेला असता तर त्याला तिचं अर्धं तोंड आणि मागची फळी एवढंच दिसलं असतं.

आता हळदीच्या दिवशी मला त्याच खोल्यांत बोलावतात. देवक बसवायचं असतं देवघराच्या कोपऱ्यात, चुडा भरायचा असतो माजघरात. खोली आठ बाय दहा, आत पंधरा बायका, माझी पाठ तांदळाच्या पोत्यांना टेकलेली. 18-55 होती तोवर मी दारातून वाकून फोटो काढायचो आणि निम्म्या फोटोंत कुणाची तरी पाठ यायची. 10-18 आल्यावर मी आत जाऊन बसायला लागलो. नवरीच्या हातापासून दीड-दोन फुटांवर बसायचं, हात पुढं मोठा येतो, कासाराचं तोंड येतं, आणि मागं सगळ्या बायका, भिंतीवरची भांडी, खिडकी, सगळं जागच्या जागी. जास्त बसवण्यासाठी ही लेन्स आहे असं लोकांना वाटतं. माझ्या मते ती जवळ जाण्यासाठी आहे. जास्त आपोआप बसतं.

कुठली घ्यायची, त्याचं उत्तर कॅननवाल्यांसाठी सोपं आहे. ईएफ-एस 10-18, एफ 4.5 ते 5.6, आयएस एसटीएम. 2014 साली आली तेव्हा अमेरिकेत तिची किंमत 299 डॉलर ठेवली होती, कॅननच्याच जुन्या 10-22 च्या जवळपास निम्मी. मागची रिंग प्लास्टिकची, वजन 240 ग्रॅम. प्लास्टिक बघून पोरांचं तोंड पडतं. मी सांगतो, दिवसभर गळ्यात अडकवून बघ, मग प्लास्टिकला शिव्या दे. काचेत खोट नाही.

निकॉनवाल्यांना जरा थांबवावं लागतं. त्यांची 10-20 एएफ-पी, व्हीआर (कॅननच्या आयएससारखी हादरा रोखायची सोय) असलेली, 2017 साली आली आणि 230 ग्रॅमची आहे. डी3500 किंवा डी5600 असेल तर डोळे झाकून घ्या. पण आमच्याकडं निकॉनच्या जुन्या बॉड्या फार फिरतात. मोठ्या फोटोग्राफरनं कॅमेरा बदलला की त्याची डी3100, डी3200 नाहीतर डी5100 भाच्याकडं नाहीतर हाताखालच्या पोराकडं जाते. या बॉड्यांवर एएफ-पी लेन्स बसते, पण फोकस होत नाही. हातानंसुद्धा होत नाही, कारण तिची फोकसची रिंग आतल्या मोटारीलाच जोडलेली आहे आणि मोटारीला हुकूम द्यायचं त्या बॉडीला ठाऊक नाही. अशांना मी सिग्माची जुनी 10-20 शोधायला सांगतो. 2005 पासूनची लेन्स, मोटार लेन्सच्या आत, म्हणून या जुन्या बॉड्यांवरही चालते. हादरा रोखायची सोय तिच्यात नाही, पण वाइडवर त्याची उणीव कमी भासते.

मग टोकिना. 11-16, एफ 2.8. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांत तिचा एके काळी दरारा होता आणि पोरांनी नाव ऐकलेलं असतं. 4.5 च्या तुलनेत ती अडीच पट उजेड घेते, हे खोटं नाही. रात्रीच्या वरातीत नाचणारी माणसं थांबवायची असतील तर हा उजेड कामाला येतो, कारण लेन्सचा आयएस आपला हात थांबवतो, नाचणाऱ्याचा पाय थांबवत नाही. पण वजन 560 ग्रॅम, किंमत जास्त, आणि निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत मोटारच नव्हती. नुकत्याच सुरुवात केलेल्या माणसानं ते पैसे फ्लॅशला घालावेत असं माझं मत आहे आणि त्यावरून मी बऱ्याच जणांशी वाद घातलेला आहे. पार्श्वभूमी धूसर व्हावी म्हणून 2.8 पाहिजे म्हणणाऱ्याशी तर मी वादही घालत नाही. 10 वर, एफ 8 ला, दोन-सव्वादोन फुटांवर फोकस धरला की फूटभरापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. या लेन्सला धूसर करता येतच नाही म्हटलं तरी चालेल.

फ्लॅशचं मात्र नीट ऐका. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा उघडणारा फ्लॅश साधारण 18 च्या रुंदीपुरता उजेड फेकतो. 10 वर तो लावला की चारी कोपरे काळे आणि खाली लेन्सची अर्धगोल सावली. वेगळा फ्लॅश घ्यावा, त्याचं तोंड छताकडं करावं, असं सगळे सांगतात. शहरातल्या पांढऱ्या स्लॅबखाली ते बरोबर आहे. आमच्या कौलारू घरात वर धुरानं काळी पडलेली कौलं आणि वासे, तिथं फेकलेला उजेड परत येतच नाही. मी फ्लॅशचं तोंड मागच्या भिंतीकडं, माझ्याच पाठीमागं वळवतो. भिंत चुन्याची असेल तर सोन्याहून पिवळं. मागं भिंत असल्याचा हा एक फायदा.

आणखी एक जपायचं ते कडेच्या माणसांना. 10 वर फोटोच्या अगदी डाव्या-उजव्या टोकाला आलेलं डोकं साधारण दीडपट रुंद होतं. लेन्स महाग घेतली म्हणून ते टळत नाही, एवढी रुंदी सपाट कागदावर सरळ रेषांत मांडायची तर ते होणारच. ग्रुप फोटोत कडेला जी मावशी उभी राहते तीच नेमकी अल्बम आल्यावर पहिला प्रश्न विचारते. कडेला माणूस ठेवू नये, दाराची चौकट ठेवावी, पोती ठेवावीत, मांडवाचा खांब ठेवावा. आणि कॅमेरा सपाट धरावा. थोडा वर केला तरी दोन्ही खांब एकमेकांकडं झुकतात आणि मांडव पडायला आलाय असं वाटतं. मी बहुतेक वेळा गुडघ्यावर बसतो. पंगतीत तर बसलंच पाहिजे. ओळीच्या टोकाला, पत्रावळीच्या उंचीवर कॅमेरा, पहिली पत्रावळ जवळ. वाढपी भात घेऊन येतो तेव्हा त्याचा हात फोटोच्या बाहेर येईल असा मोठा दिसतो.

नवी लेन्स परवडत नसेल तर जुनी बघावी. लोक मिररलेसकडं वळलेत, त्यामुळं या लेन्स बाजारात पुष्कळ आल्यात. पण शाहूवाडीच्या पावसात राहणाऱ्यानं जुनी लेन्स घेताना काचेवरचे ओरखडे नंतर बघावेत, आधी बुरशी बघावी. आमच्याकडं जून ते सप्टेंबर चामड्याच्या पट्ट्यावर पांढरं उगवतं, तेच लेन्सच्या आत उगवतं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. दोन्ही झाकणं काढायची, मोबाइलची बॅटरी एका बाजूनं तिरकी मारायची आणि दुसऱ्या बाजूनं बघायचं. कॅननची लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की तिच्या अ‍ॅपर्चरची पाकळी उघडी असते. या निकॉन लेन्सची मिटलेली असते, मागचा छोटा खटका बोटानं सरकवल्याशिवाय आतली काच दिसत नाही, आणि विकणारा तो सरकवून दाखवत नाही. कडेला एखादी धूसर रेघ असेल तर फोटोत लगेच काही कळणार नाही, पण ती पुढच्या आषाढात मधोमध येईल.

घेतल्यावर ती मूळच्या बॅगेत ठेवू नये, बॅगेचा फोम ओल धरतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि ओलावा दाखवणारं छोटं घड्याळ. काटा 40 ते 50 च्या मध्ये असावा. खडे ओले झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. त्यासाठी जुना तवा वेगळा काढावा, तो पुन्हा भाकरीला वापरायचा नाही. काही जण सिलिकाऐवजी डब्यात तांदूळ घालतात. त्यांच्या लेन्समध्ये नंतर पीठ निघतं.

या सगळ्याआधी मी एक परीक्षा घ्यायला सांगतो आणि ती फुकट आहे. आजकाल बऱ्याच मोबाइलमध्ये 0.5 असं लिहिलेली दुसरी लेन्स असते. तिची रुंदी फिल्मच्या मापानं 13 च्या आसपास, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या 10 पेक्षाही जास्त, कारण कॅननवरची 10 त्या मापानं 16 होते. महिनाभर फक्त त्या 0.5 नं फोटो काढ. शेतात रोपलावण चालू आहे तिथं जा, चिखलात उतर, बैलाच्या तोंडाशी जा. घरात आई भाकरी थापते तिथं जाऊन बस. महिन्यानं फोटो घेऊन ये. ज्याच्या फोटोंत सगळं लांबच राहिलेलं असतं त्याला मी म्हणतो, पैसे ठेव. ज्याच्या फोटोंत काहीतरी जवळ आलेलं असतं, पण चुलीपुढच्या अंधारात मोबाइलनं सगळं लोण्यासारखं पुसून टाकलेलं असतं, त्यानं लेन्स घ्यावी. मोबाइलची ती दुसरी लेन्स उजेडात ठीक, अंधारात आणि मोठ्या अल्बमच्या पानावर उघडी पडते.

नुकताच आर50 सारखा मिररलेस घेतलेल्यांसाठी हिशेब थोडा निराळा. कॅननची आरएफ-एस 10-18 2023 साली आली, 150 ग्रॅमची, आणि घ्यायचीच तर तीच घ्यावी. जुनी ईएफ-एस अ‍ॅडॉप्टर लावून चालते, पण अ‍ॅडॉप्टरचे पैसे मिळवले की स्वस्ताई फारशी उरत नाही. ज्याच्या घरात आधीपासून ती लेन्स पडून आहे त्याच्यापुरतं ते ठीक.

या लेन्सनं माझ्या धंद्यात एक नवीनच भानगड केली आहे. पूर्वी लग्नाची ऑर्डर द्यायला येणारे मांडव कुठं, हॉल कुठला एवढंच बोलायचे. आता आधीच्या लग्नाचा अल्बम बघून आलेले असतात. परवा एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते, मुलीचं लग्न दिवाळीनंतरचं. दर ठरला, तारीख लिहिली. उठता उठता त्या बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आतलं पण घेता न्हवं? सैपाकघर सुदीक?" मी म्हटलं, घेतो की. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "मग रंग आतनं पण मारायला पायजे." गृहस्थांनी मला विचारलं, आतल्या खोल्या नाही घेतल्या तर दर किती कमी होईल.